सीएसआर निधीसाठी नेमकं कुणाचं दार वाजवायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: भोर तालुक्यातल्या वाड्यांवर शाळा सुटल्यानंतरचे अभ्यासवर्ग, ट्रस्टला चार वर्षं झालेली, वर्षाचा खर्च नऊ लाखांच्या आसपास आणि त्यातला बराचसा वर्ग घेणाऱ्या गावातल्या मुलींच्या मानधनावर. १२ए (संस्थेला आयकरात सूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) आहे, एफसीआरए (परदेशी देणग्या घ्यायची परवानगी) नाही. आजवर ओळखीच्यांच्या देणग्यांवर भागलं, आता सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांना कायद्याने समाजकार्यावर जो खर्च करावा लागतो त्यासाठी, पुण्यातल्या दोनशे कंपन्यांचे ईमेल हवेत.

अशा याद्या फिरत असतात, पण त्यांच्या नादी लागू नका. त्यावरच्या पत्त्यांवर रोज ढिगाने अर्ज पडतात. तुम्हाला सात-आठ नावं पुरतील, फक्त ती हेरून काढलेली हवीत.

आधी काय खोडायचं ते. एफसीआरए नाही म्हणजे परदेशी पैसा बाद. २०२० च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या संस्थेला आलेला परदेशी निधी तिला पुढे तुमच्याकडे वळवताही येत नाही. तेव्हा 'आमच्यामार्फत घ्या की' असं कुणी म्हणालं तर लांबूनच नमस्कार करा. रोटरीचं ग्लोबल ग्रँटही तूर्त राहू दे. प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा लागतो आणि अर्ज इथला क्लब व परदेशातला क्लब मिळून करतात, संस्था नाही. पुस्तकं, सायकली वगैरेसाठी मात्र जवळच्या क्लबशी ओळख ठेवा.

आता कंपन्या. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीही एक भरतं, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. सगळ्यांची नजर पहिल्या दोन आकड्यांवर असते, तुम्ही तिसरा बघा. सरासरी नफा ५ कोटी असेल तर सीएसआर होतो फक्त १० लाख. २५ कोटी असेल तर ५० लाख. आणि ही रक्कम ५० लाखांच्या वर जात नसेल तर कंपनीला वेगळी सीएसआर समिती नेमायचं बंधन नाही, संचालक मंडळच ठरवतं. अशा मध्यम कारखान्यात दोन-तीन लाखांचा निर्णय समोर बसलेला माणूस घेऊ शकतो. मोठ्या नावांच्या फाउंडेशनला तुमच्याएवढ्या रकमेची फाइल चालवणंच परवडत नाही, त्यांचा त्यात दोष नाही. ही मध्यम मंडळी शोधायला मराठा चेंबर या पुण्यातल्या उद्योजकांच्या संघटनेचे कार्यक्रम आणि तुमच्या ट्रस्टींच्या ओळखीचे सीए जास्त कामाचे. कुठल्या कंपनीला सीएसआर लागू आहे हे सीएला आधी कळतं.

कुठली कंपनी, याचं उत्तर नकाशात आहे. कायदा म्हणतो, कंपनीचं काम चालतं त्या परिसराला प्राधान्य द्या. त्याची सक्ती होत नाही, पण कारखान्याचा एचआरवाला ग्रामपंचायतीला तोंड देत असतो, तो आधी दारातलं गाव बघणार. चाकणचा कारखाना खेड तालुका सोडून भोरला कशाला येईल? तुमच्यासाठी सातारा रस्त्यावरचं शिरवळ आणि खेड-शिवापूर. शिरवळ सातारा जिल्ह्यात गेलं म्हणून गाळू नका, तिथे भोर तालुक्यातून रोज कामाला जाणारे कितीतरी असतील. तुमच्या वर्गातल्या किती मुलांचे पालक कुठल्या कारखान्यात आहेत, हे उद्याच विचारून घ्या. अर्जात ते वाक्य सगळ्यात वर.

मग प्रत्येक नावाचा इतिहास काढा. सीएसआर धोरण वाचत बसू नका, शिक्षण-आरोग्य-पर्यावरण सगळ्यांच्याच धोरणात असतं. पैसा खरा कुठे गेला ते बघा. कंपनीचं संकेतस्थळ असेल तर मंडळाने मंजूर केलेले प्रकल्प त्यावर टाकावे लागतात. सरकारच्या सीएसआर पोर्टलवर कंपनीवार खर्च सापडतो. लागोपाठ तीन वर्षं शेजारीशेजारी ठेवून वाचा. समजा, दिसलं की 'जि. प. शाळेस ई-लर्निंग संच', 'बेंच वाटप', 'स्वच्छतागृह बांधकाम'. ही कंपनी वस्तू देते, जिच्यासमोर फोटो काढता येतो. मानधन मागायला तिथे जाऊ नका, नाही तर नको असलेले टॅब गळ्यात पडतील. 'शिक्षक प्रशिक्षण', 'वाचन कार्यक्रम' असं दिसलं तर पेन्सिलने खूण करा. तिन्ही वर्षं त्याच दोन संस्था असतील तर दार जवळजवळ बंद. दरवर्षी नवी नावं असतील तर प्रवेश सोपा, पण दुसऱ्या वर्षी तुम्हीही 'जुने' होणार हे धरून चाला. सगळा पैसा कंपनीच्याच फाउंडेशनला जात असेल तर बाहेरच्या संस्थांना देता का, एवढा एकच प्रश्न फोनवर विचारा.

कुणाही एकावर खर्चाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त विसंबू नका, असं माझं ठाम मत आहे. कारखान्याला एक वर्ष तोटा झाला की वर्ग बंद पडायला नकोत. म्हणून जुने देणगीदार सोडू नका. पितृपंधरवड्यात भरणाऱ्या 'देणे समाजाचे' प्रदर्शनात संस्था म्हणून जागा मिळते का, याची चौकशी करा.

वेळ: पुढच्या वर्षाचं बोलणं डिसेंबर-जानेवारीत सुरू करा. मार्चमध्ये येणारा फोन बहुधा उरलेली रक्कम संपवण्यासाठी असतो. तो घ्या, पण त्यावर मानधनाचं गणित बांधू नका.

आणि या सगळ्याच्या आधी, याच महिन्यात, सीएसआर-१ हा सरकारकडचा नोंदणी अर्ज भरून घ्या. त्या नोंदणी क्रमांकाशिवाय कंपनी तुमच्यामार्फत सीएसआर खर्च करू शकत नाही. १२ए, ८०जी आणि तीन वर्षांचं काम या अटींत तुम्ही बसता, सही-शिक्का सीए करून देईल. धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (ट्रस्टी वगैरे बदलल्याची नोंद) अडकलेला असेल तर तोही मार्गी लावा. शेड्यूल वनच्या (धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीच्या) उताऱ्यावर एक ट्रस्टी आणि बँकेच्या कागदावर दुसरा दिसला, तर होत आलेलं काम तिथेच थांबतं.