पॉलिएस्टर कातत नाहीत, पाडतात

प्रश्न असा आहे: 'स्पिनिंग' म्हणजे कातणे, तर वितळलेल्या पॉलिएस्टरपासून तंतू काढण्यालाही 'कातणे' म्हणावं का?

मुळीच नाही. 'कृत्रिम तंतू कातण्याचे यंत्र' असं वाचलं की माझं डोकं उठतं. कातण्याचा जीव पिळात आहे. पॉलिएस्टर सुमारे 280 अंश सेल्सिअसला वितळवून बारीक भोकांच्या चकतीतून दाबतात; बाहेर पडणाऱ्या धारा हवेत गार होऊन तंतू होतात. यात पीळ कुठे आला? रेशमाचा किडा तंतू सोडतो त्यालाही इंग्रजीत स्पिनिंगच म्हणतात, ती त्या भाषेची सवय. आपल्याकडे सोऱ्या आहे, चकती आहे, आपण शेव 'पाडतो'. तसेच तंतू पाडावेत. व्हिस्कोजची, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या दाट द्रावणाची, शेव तेलाऐवजी सल्फ्युरिक आम्लाच्या द्रावणात पडते आणि तिथेच घट्ट होते, इतकंच.

आता खरी गंमत. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ धातूंच्या यादीत, 'कृत्' दोनदा येतो. 'कृती छेदने', रूप कृन्तति, म्हणजे कापतो. 'कृती वेष्टने', रूप कृणत्ति, म्हणजे गुंडाळतो, कातून सूत काढतो. पहिल्याच्या घरातली कर्तरी, तिच्यापासून आपली कात्री आणि कातरणे, दुसऱ्याचं कातणे. पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीतून, कापूस तोडत तोडत सूत काढतात म्हणून 'कातणे', असं सांगणाऱ्यांनी कधी चरख्यावर हात ठेवलेला नसावा. कापूस तुटला की सूतच तुटतं! वैयाकरणांनी धातूंचे गण, म्हणजे वर्ग, पाडताना एक धातू तुदादि गणात, दुसरा रुधादि गणात घातला, तो उगाच नव्हे.

आणि पॉलिएस्टरच्या बाबतीत हे दोन सख्खे शेजारी एकामागोमाग कामाला लागतात. कापसात मिसळायचे तंतू आधी साधारण 38 मिलिमीटरचे कापतात: कृन्तति. मग सूतगिरणीत पिंजून, पेळू ओढून, चातीवर, म्हणजे फिरत्या सळईवर, पीळ देतात: कृणत्ति. इथे मात्र बेलाशक 'कातणे' म्हणा.

शिवणयंत्राच्या रिळाचा पॉलिएस्टर दोरा चिमटीत धरून उलटा फिरवा. पदर सुटतात, पदराचाही पीळ काढलात की आखूड केस हाती येतात. तो कातलेला. मासे पकडायचा तंगूस कितीही फिरवा, काही सुटत नाही. तो नुसता पाडलेला.