फ्लॉवर गर्लचा फ्रॉक: ट्रायल झाल्याशिवाय बाकीचे पैसे देऊ नका

ताई, मे महिन्यात वसईला चर्चमध्ये भावाचं लग्न, चार वर्षांची लेक फ्लॉवर गर्ल म्हणून नवरीपुढे पाकळ्यांची टोपली घेऊन चालणार, आणि बुटीकवाली म्हणतेय, "एवढ्या लहान मुलांना ट्रायल लागत नाही, माप दिलंय ना." तुमचं हे वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवेना. अगदी हेच आम्हालाही ऐकवलं होतं. रंग, नवरीच्या गाउनशी मॅचिंग वगैरे तुम्ही होणाऱ्या वहिनीशी बोलून ठरवालच. मी फक्त फ्रॉकच्या आतल्या बाजूबद्दल बोलते.

नणंदेच्या लग्नासाठी आम्ही लेकीचा फ्रॉक एका बुटीकमध्ये शिवायला टाकला होता. नाव लिहीत नाही. ट्रायल मागितली की आधी "लेस लागायचीय", मग "कारागीर गावी गेलाय". पैसे मात्र सगळे आधीच मोजून घेतले. फ्रॉक हातात पडला लग्नाच्या आदल्या संध्याकाळी. बाहेरून देखणा, गळ्याला मोत्यांचं काम, भरपूर घेर. उलटा करून बघितला तर कॅन-कॅनची, म्हणजे घेर फुगवणाऱ्या आतल्या थराची, कडक नेट थेट कमरेच्या शिवणीत घातलेली, कापलेल्या कडा तशाच उघड्या, अस्तराचा पत्ता नाही. घातल्यावर थोड्याच वेळात पोरीच्या पोटाभोवती लाल वळ उठले. फोन केला तर उत्तर मिळालं, "नेट असंच असतं, फोटोत काही दिसणार नाही." एवढंसं लेकरू लग्नाची अख्खी मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) ते टोचणं अंगावर घेऊन कसं बसेल, याचा विचारच नाही! आठवलं की अजून संताप होतो. रात्री सासूबाईंनी जुन्या मलमलच्या ओढणीची पट्टी फाडून कमरेला आतून टाके घालून दिली. तरी काखेत टोचतच होतं. सकाळी पोर नवरीच्या पुढे चाललीच नाही, माझ्या कडेवर रडत राहिली.

म्हणून सांगते, ट्रायल झाल्याशिवाय बाकीचे पैसे द्यायचे नाहीत. ट्रायल म्हणजे आरशासमोर दोन मिनिटं उभं करणं नव्हे. अर्धा तास फ्रॉक अंगावर राहू द्या. खाली बसवा, हात वर करायला लावा, जिना चढवा, कारण वेदीपुढे पायऱ्या असतात आणि लांब घेर तिथेच पायात येतो. घोट्याच्या 2 इंच वर लांबी मला बरी वाटते. वरच्या भागाला पूर्ण सुती अस्तर हवं. कॅन-कॅन वेगळ्या पेटीकोटला लावून घ्या, म्हणजे चर्चमधून बाहेर आल्यावर तो काढता येतो. बाजूच्या शिवणीत थोडं कापड दाबून ठेवायला सांगा, या वयात मुलं भराभर वाढतात. मेमधल्या दमट हवेत सॅटिन तर मी घेणारच नाही. मी काही शिवणकाम शिकलेली नाही, हे अनुभवाचे बोल. तुमच्या टेलरने वेगळं सुचवलं तर जरूर ऐका, फक्त अस्तराबाबत माघार घेऊ नका.

बाकी थोडक्यात. बूट पट्ट्याचे, न घसरणाऱ्या तळव्याचे घ्या आणि आधी घरात घालून फिरवा. टियारा बारीक केसांत टिकत नाही. त्यापेक्षा मेमध्ये वसईत मोगरा भरपूर मिळतो, त्याचा छोटा गजरा माळा. मोत्यांचे दागिने दिलेच तर दोरा ओढून बघा, सुटा मणी लहान मुलं तोंडात घालतात. नेटचा फ्रॉक पटकन पेट घेतो, तेव्हा पेटत्या मेणबत्त्यांपासून तिला लांब उभं करा, यात हयगय नको. टोपलीतल्या पाकळ्या चर्चच्या आत टाकलेल्या चालतात का, बिनबाह्यांचा फ्रॉक चालतो का, हे फादरांना आधीच विचारा. प्रत्येक चर्चची पद्धत वेगळी असते.

फ्रॉक ट्रायलला आला की उलटा करा आणि कमरेच्या शिवणीचा फोटो इथे टाका. मी बघून सांगते.