पंधरा दिवसांतला नववा दिवस

‘मॅडम, साहेबांनी माझा सीआर बिघडवला. उत्तर काय लिहू?’ वार्षिक अहवाल हातात पडू लागले की हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच. (सीआर म्हणजे वरिष्ठांनी आपल्या कामाबद्दल लिहिलेला वर्षाचा गोपनीय अहवाल. कागदावर त्याचं नाव केव्हाच बदललं, बोलण्यात अजून सीआरच.)

या ताई केंद्र सरकारच्या एका कार्यालयात सतरा वर्षं नोकरीला. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. 10 पैकी 5.4 गुण आणि दोन ओळींचा शेरा: ‘वेळेचे भान नाही. सहकाऱ्यांशी समन्वय कमी.’ घरचे म्हणाले, ‘चांगला’ तर मिळालाय, रडतेस कशाला? पण 4 ते 6 मधला हा ‘चांगला’ बढतीच्या वेळी आडवा येतो, कारण पुष्कळ पदांना ‘खूप चांगला’ लागतो. सीमा रस्ते सेवेतले अभियंता देव दत्त यांची बढती अशाच एका ‘चांगला’मुळे अडली होती, आणि तो शेरा त्यांना कळवलाही नव्हता. प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या खटल्यात 2008 साली सांगितलं. आज पूर्ण अहवाल हातात मिळतो आणि 15 दिवसांत आपलं म्हणणं मांडता येतं, ते त्यानंतरच. ताईंचं रडणं उगाच नव्हतं.

त्या आल्या तो नववा दिवस. पिशवीत चार पानी उत्तर तयार होतं. मी त्यांनाच ते मोठ्याने वाचायला सांगितलं. साहेब कसे पक्षपाती, कुणाला कशी सूट मिळते, सगळं होतं. दुसऱ्या पानावर त्या थांबल्या. शेऱ्याबद्दल तोवर एक वाक्यही आलं नव्हतं.

असं लिहिलेलं मी कधी फाडायला सांगत नाही. राग कागदावर उतरला तर बरंच, तो कागद कपाटात ठेवायचा. मग कोरं पान घेतलं आणि शेऱ्यातला एकेक शब्द. समन्वय कमी म्हणजे कधी, कुणाशी? वर्षातले सात महिने त्यांनी दोन टेबलांचं काम ओढलं होतं, दुसऱ्या शाखेला वेळेवर दिलेल्या फायलींच्या नोंदी तारखेसह हाताशी होत्या. ते उत्तर अर्ध्या तासात झालं.

‘वेळेचे भान’पाशी मात्र त्या गप्प झाल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, ‘मंगळवारी आणि शुक्रवारी उशीर होतो हो.’ आईचं डायलिसिस. लोक कीव करतील म्हणून कार्यालयात कुणालाच सांगितलं नव्हतं. दोन शेऱ्यांतला हाच जास्त लागला होता, चार पानांचा राग इथला होता, असं मला वाटतं.

‘हे कबूल केलं तर संपलंच ना?’ मी म्हटलं, हजेरीपट त्यांच्याकडे आहे. जे दिसतंय ते नाकारलंत, तर बाकीच्या खऱ्यावर कोण विश्वास ठेवेल? मग त्यांनी स्वतःच लिहिलं: ‘आठवड्यातून दोन दिवस उशीर झाला हे खरे आहे. त्याचे कारण मी वेळीच कळवायला हवे होते. त्या दिवसांचे काम संध्याकाळी थांबून पूर्ण केले आहे.’ सगळं एका पानात बसलं. साहेबांच्या स्वभावाबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

तेराव्या दिवशी त्यांनी ते देऊन पोच घेतली. निर्णयाला 30 दिवसांची मुदत असते. तेवढ्यात त्या दोनदा येऊन गेल्या, झोप लागत नव्हती म्हणून. शेवटी समन्वयाचा शेरा निघाला, गुण 6.1 झाले, वेळेचा शेरा तसाच राहिला. पण फोनवर हे त्यांनी नंतर सांगितलं. आधी सांगितलं ते असं, की त्या दोन दिवशी उशिरा येऊन तेवढं थांबण्याची परवानगी मागितली आहे, आणि अर्ज वाचून साहेबांनी आईची चौकशी केली.