कॅपच्या कडेची काळी रेघ

प्रश्न : वरच्या पुढच्या दाताचं रूट कॅनॉल करून नऊ वर्षांपूर्वी कॅप बसवली होती. आता हसताना हिरडीलगत काळपट रेघ दिसते. आत कीड लागली असेल का? ब्लीचिंगने रेघ जाईल का?

उत्तर : ब्लीचिंगने जाणार नाही, कॅपचा रंग त्याने बदलतच नाही. तुमची कॅप बहुधा मेटल-सिरॅमिकची असावी. तिच्यात आतून धातूचा पातळ थर असतो आणि त्यावर दाताच्या रंगाचं सिरॅमिक भाजून चढवतात. कड हिरडीखाली लपवलेली असते. हिरडी अर्धा-एक मिलिमीटर वर सरकली की धातू दिसू लागतो. दात जोरजोरात घासणं हे त्याचं नेहमीचं कारण. कडेखाली कीड नाही ना, हे मात्र एक्स-रे काढून आधी पाहून घ्या.

कडेवर कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरायचं मटेरियल) लावून रेघ झाकता येते, पण ते जाडसर दिसतं आणि डागाळतं. लग्नकार्यापुरतं ठीक. खरा उपाय कॅप बदलण्याचाच. जुनी कॅप उभी चीर देऊन काढतात, हिसका देऊन ओढली तर आतला दात मोडू शकतो.

नवी कोणती, हे आतला दात बघून ठरतं. तो फिकट असेल तर लिथियम डायसिलिकेट (काचेसारखं सिरॅमिक) सर्वांत नैसर्गिक दिसतं, कारण त्यातून थोडा उजेड आरपार जातो. दात काळवंडलेला असेल किंवा आत धातूचा पोस्ट (मुळात बसवलेला आधाराचा खिळा) असेल, तर तोच गडदपणा बाहेर डोकावतो. तिथे वरून सिरॅमिक चढवलेलं झिर्कोनिया (कमी पारदर्शक, मजबूत सिरॅमिक) बरं. दाताचं मूळच काळं पडून पातळ हिरडीतून दिसत असेल, तर कॅप बदलूनही सावली थोडी राहील. हे डॉक्टरांना आधीच विचारा.

शेड, म्हणजे कॅपची रंगछटा, डॉक्टरांनी दात तासायच्या आधी, दिवसाउजेडी, लिपस्टिक पुसून ठरवा. तोंड उघडं राहून दात सुकले की ते असतात त्याहून पांढरे दिसतात. बाकीचे दात ब्लीच करायचे असतील तर ते आधी करा आणि दोन आठवडे थांबून शेड घ्या. सर्वांत पांढरी शेड मागू नका, एकटी कॅप लांबूनही ओळखू येते. कायमची चिकटवण्याआधी खिडकीपाशी उभं राहून आरशात पाहा.

प्रश्न : दाढेच्या कॅपचा छोटा टवका उडाला आहे. बदलावीच लागेल?

उत्तर : धार फक्त जिभेला लागत असेल तर घासून पॉलिश पुरतं. मोठा टवका कॉम्पोझिटने भरता येतो, पण उघड्या धातूवर ते नीट धरत नाही. पुन्हा तिथेच तुटलं तर त्यावर टेकणारा दात आदळतोय का, हे चावा तपासून पाहायला सांगा.