लेकीसाठी टोरांटोतलं कॅथलिक हायस्कूल

ताई, साताऱ्याहून टोरांटोला येताय, लेक नववीला, आणि लोरेटो ॲबी ही मुलींची कॅथलिक शाळा घराजवळ पडते. आपल्याला घेतील का, घेतलं तर धर्माची सक्ती होईल का, असं विचारलंत. माझी मुलगी तिथेच चार वर्षं शिकली, म्हणून सविस्तर लिहिते.

टोरांटो ज्या प्रांतात येतं त्या ऑन्टारिओत कॅथलिक शाळांना कॅनडाच्या १८६७ च्या राज्यघटनेचं संरक्षण आहे, त्या सरकारी पैशावर चालतात. हायस्कूलला बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेचा विधी, झालेला लागत नाही. वर्क परमिटवर आलात तर फीही नाही. गणवेश तेवढा विकत घ्यायचा.

शाळा १८४७ ची. आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडून दुष्काळ पडला होता. सुमारे २०,००० वस्तीच्या टोरांटोत त्या उन्हाळ्यात ३८,००० वर माणसं उतरली, उपाशी आणि टायफसच्या तापाने फणफणलेली. बिशप मायकेल पॉवर यांनी आयर्लंडहून लोरेटो संघाच्या सिस्टर, म्हणजे नन, बोलावल्या. त्या सप्टेंबरात पोचल्या, आणि थोड्याच दिवसांत, आजाऱ्यांची सेवा करताना तोच ताप लागून बिशप वारले. परका मुलूख, बोलावणारा माणूसच गेलेला. तरी त्या बायांनी शाळा काढली! पुढच्याच वर्षी आपल्या नायगावच्या सावित्रीबाई पुण्यात मुलींना शिकवू लागल्या. मला ही दोन सालं कायम जोडीनेच आठवतात.

या सिस्टरांची मूळ संस्थापक मेरी वॉर्ड, सतराव्या शतकातली इंग्लिश बाई. बायकाही मोठी कामं करू शकतात, हे तिने तेव्हा ठणकावून सांगितलं. मदर तेरेसाही आधी कोलकात्यात लोरेटोच्याच सिस्टर होत्या. मी रयतची विद्यार्थिनी, कर्मवीर अण्णांनी गरिबांच्या लेकरांसाठी काय केलं ते ऐकतच वाढले. म्हणून ही शाळा मला परकी वाटली नाही.

सक्तीचं म्हणाल, तर वर्गात क्रूस असतो, रोज प्रार्थना होते, धर्मशिक्षणाचा विषयही असतो. पालकांनी लेखी अर्ज दिला की त्या तासातून सूट मिळते. आम्ही दिला नाही. अकरावीला जगातल्या धर्मांचा अभ्यास असतो. त्यात लेकीने माउलींची पालखी, लोणंदचा मुक्काम आणि चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण सांगितलं. घरी येऊन ती किती वेळ त्याबद्दलच बोलत होती.

धाकट्याचं मात्र वेगळं. प्राथमिकला सहसा बाप्तिस्म्याचा दाखला मागतात, तेव्हा त्याला साध्या सरकारी शाळेत घाला. दोघांची लसीकरणाची कार्डं आणि जुनी प्रगतिपुस्तकं, मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतर करून, साताऱ्याहूनच घेऊन निघा.