खोकत राहिलं की हार्ट अटॅक थांबतो का? वाचकांचे प्रश्न, फॉरवर्डची उत्तरं

या वेळी आलेले निम्म्याहून जास्त प्रश्न फोनवर फिरणाऱ्या आरोग्याच्या मेसेजबद्दलचे आहेत, त्यामुळे बाकीचे पुढच्या अंकात घेते. कोणाचंच नाव छापलेलं नाही, बऱ्याच जणांनी तशी विनंती केली होती.

प्रश्न : डॉक्टर, आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज सारखा येतो. एकटे असताना हार्ट अटॅक आला तर खोल श्वास घ्या आणि जोरात खोका, दर दोन सेकंदांनी असं करत राहा, मदत येईपर्यंत हृदय चालू राहतं. माझं वय 67, एकटाच राहतो, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय. हे पाठ करून ठेवू का?

उत्तर : काका, हे नका पाठ करू. पाठ करायचा तो अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर.

हा मेसेज 1999 च्या सुमारास ईमेलवरून फिरायला लागला, त्यात अमेरिकेतल्या रॉचेस्टर जनरल हॉस्पिटलचं नाव असायचं. त्या हॉस्पिटलने स्वतः सांगितलं की हे आमचं नाही, अमेरिकन हार्ट असोसिएशननेही सांगितलं की आम्ही लोकांना असं शिकवत नाही, तरी तो भाषा बदलत बदलत आजपर्यंत चालूच आहे.

यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालीय. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकते आणि त्या भागातल्या स्नायूला रक्त मिळेनासं होतं, पण हृदय बहुतेक वेळा धडधडत असतं आणि माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, फोन करू शकतो. खोकून ती गुठळी हलत नाही. कार्डिअ‍ॅक अरेस्ट म्हणजे हृदयाचा विजेचा ताल कोलमडतो, रक्त पुढे ढकललंच जात नाही, आणि काही सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो, मग खोकणार कोण? अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, म्हणून तर अटॅकची ती शुद्धीवरची मिनिटं फार मोलाची, आणि नेमकी तीच मिनिटं हा मेसेज खोकण्यात घालवायला लावतो.

मग हे आलं कुठून? तर कॅथ लॅबमधून, म्हणजे हॉस्पिटलात अँजिओग्राफी करतात त्या खोलीतून. अँजिओग्राफी चालू असताना मॉनिटरवर ताल अचानक बिघडलेला दिसला तर डॉक्टर पेशंटला ओरडून सांगतात, खोका! जोरात खोकल्याने छातीतला दाब वाढतो, थोडं रक्त मेंदूपर्यंत पोचतं आणि पेशंट थोडा वेळ शुद्धीत राहतो, तेवढ्यात हृदयाला विजेचा शॉक देता येतो. तिथे मॉनिटर लावलेला असतो, शॉकचं मशीन हाताशी असतं, डॉक्टर समोर उभे असतात. मेसेजमध्ये यातलं फक्त खोकणं उरलं, बाकी सगळं गळून गेलं. बहुतेक फॉरवर्डचं असंच असतं बघा, कुठेतरी एक खरी गोष्ट असते पण ती तिच्या जागेवरून उचललेली असते.

आता तुमच्यासाठी. छातीवर कोणी दाबून धरल्यासारखं वाटणं, ते दुखणं हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणं, दरदरून घाम, धाप, मळमळ, यातलं काहीही वाटलं तर आधी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करा, शक्य असेल तर दाराची कडी काढून ठेवा आणि शांत बसून राहा, स्वतः गाडी चालवत निघू नका. बायकांना आणि डायबेटिस असलेल्यांना कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसती धाप लागते किंवा खूप गळून गेल्यासारखं वाटतं, तेही तितकंच गंभीर. अशा वेळी अ‍ॅस्पिरिन चावून खायची का हे तुमच्या कार्डिओलॉजिस्टना आत्ताच विचारून ठेवा, कारण तुमच्या बाकीच्या गोळ्या त्यांना माहीत आहेत, आणि ऐन वेळी विचारायला सवड नसते.

आणि बाकीच्या वाचकांनो, कोणी कोसळला, हाक मारून उठत नाही, नीट श्वास घेत नाही, तर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागा, मिनिटाला 100 ते 120 वेळा, मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटीमीटर खाली जाईल इतकं जोरात, मदत येईपर्यंत. याचं ट्रेनिंग काही तासांचं असतं, प्लीज घ्या.

प्रश्न : ताई, हे कोणाला बोलले नाहीये. मागच्या वर्षी सासूबाईंचं तोंड अचानक वाकडं झालं, बोलणं समजेना. मी वाचलं होतं की दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढायचं आणि तोवर पेशंटला हलवायचं नाही. मी तसं केलं, वीसेक मिनिटं गेली असतील, मग हॉस्पिटलला नेलं. आता त्या चालतात बोलतात पण उजवा हात नीट उचलत नाही. हे माझ्यामुळे झालं का?

उत्तर : त्या हाताचं कारण ती वीस मिनिटं आहेत असं मला किंवा दुसऱ्या कोणालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. स्ट्रोक, म्हणजे मेंदूचा झटका, किती मोठा होता, मेंदूच्या कुठल्या भागात होता, गुठळी होती की रक्तस्राव, यावर खूप काही ठरतं. तुम्ही घाबरलेल्या होतात, तुम्हाला जे माहीत होतं ते तुम्ही त्यांना वाचवण्यासाठी केलंत आणि नंतर हॉस्पिटलला नेलंतही. चुकीची माहिती तुमच्यापर्यंत पोचली होती, यात तुमचा दोष नाही. आणि हाताची फिजिओथेरपी सोडू नका, वर्षानंतरही सुधारणा होते.

पुढचं बाकीच्यांसाठी लिहितेय, तुम्हाला टोचायला नाही. बोटातून रक्त काढल्याने मेंदूतलं काहीच बदलत नाही. स्ट्रोकमध्ये बहुतेक वेळा मेंदूच्या वाहिनीत गुठळी अडकलेली असते, आणि मोठ्या गुठळीच्या झटक्यात दर मिनिटाला साधारण 19 लाख चेतापेशी मरतात असा अंदाज 2006 साली मांडला गेला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. काही निवडक पेशंटमध्ये वाहिनीत नळी घालून गुठळी बाहेर काढतात, तिथे 24 तासांपर्यंतही वाव असतो. पण त्याआधी स्कॅन करावाच लागतो, कारण रक्तस्राव असेल तर हेच इंजेक्शन जिवावर बेतू शकतं. म्हणूनच स्ट्रोकमध्ये घरी आपल्या मनाने अ‍ॅस्पिरिनही द्यायची नाही.

स्ट्रोक ओळखायचा कसा? हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातंय का बघा. दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली घसरतोय का बघा. एक सोपं वाक्य बोलायला सांगा. यातलं एक जरी बिघडलेलं दिसलं तरी लगेच निघायचं, आणि माणूस शेवटचा नॉर्मल किती वाजता होता ती वेळ लिहून घ्यायची, डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतात. तोंडात पाणी, गोळी, काही घालू नका, गिळता येत नसलं तर श्वासनलिकेत जाऊ शकतं.

प्रश्न : कॅन्सर फक्त आम्लधर्मी शरीरात वाढतो हे शोधून काढणाऱ्याला 1931 चं नोबेल मिळालंय असं वाचलं. अल्कलाइन पाणी प्यायलं तर कॅन्सर होणार नाही. नोबेल मिळालंय म्हटल्यावर खोटं कसं असेल?

उत्तर : नोबेल खरं आहे, साल खरं आहे, माणूसही खरा, जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्ग. पण ते नोबेल पेशींच्या श्वसनातल्या एंझाइमच्या कामासाठी होतं. वॉरबर्ग यांनी 1920 च्या दशकात हेही दाखवलं होतं की कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन असतानासुद्धा भरपूर ग्लुकोज फस्त करतात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात, आज पेट स्कॅनमध्ये, म्हणजे कॅन्सर शोधायच्या एका तपासणीत, गाठ चमकते ती याच साखरेच्या भुकेमुळे. म्हणजे आधी गाठ, मग तिच्या आसपास आम्ल. मेसेजने क्रम उलटा केला.

आणि पाण्याचं म्हणाल तर ते पोटात जातं, पोटात स्वतःचं तीव्र आम्ल आहे. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, फुप्फुसं आणि किडन्या मिळून 7.35 ते 7.45 मध्ये धरून ठेवतात, तो त्याबाहेर गेला तर माणूस आयसीयूत असतो. लघवीत बुडवलेली पीएचची पट्टी रंग बदलते ती किडनी तिचं काम करतेय म्हणून, रक्त बदललं म्हणून नाही. पाणी प्या, पण या भरवशावर तपासणी किंवा उपचार पुढे ढकलू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

प्रश्न : मोबाइलने कॅन्सर होतो असं जागतिक आरोग्य संघटनेनेच जाहीर केलंय ना?

उत्तर : 2011 मध्ये त्यांच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मोबाइलच्या लहरींना 2बी गटात टाकलं, म्हणजे ‘शक्यता नाकारता येत नाही, पुरावा मर्यादित आहे’. हे गट पुरावा किती पक्का ते सांगतात, धोका किती मोठा ते नाही. नंतर याच संघटनेने करून घेतलेला एक मोठा आढावा 2024 मध्ये आला, त्यात मेंदूच्या कॅन्सरशी संबंध दिसला नाही. गाडी चालवताना फोन बघण्याचा धोका मात्र पक्का आहे.

प्रश्न : मी गर्भनिरोधक गोळ्या घेते. एका व्हिडिओत सांगितलं की काही गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. घाबरून कालपासून बंद केल्यात. बरोबर केलं ना?

उत्तर : हे उत्तर वाचून आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा, आणि तोवर दुसरी काळजी घ्या, कारण गोळ्या मध्येच सोडल्या तर गर्भ राहू शकतो.

दुप्पट हा शब्द ऐकला की लगेच विचारायचं, कशाच्या दुप्पट? 1995 च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये हेच झालं. औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की नव्या पिढीच्या गोळ्यांनी गुठळीचा धोका दुप्पट होतो, पेपर आणि टीव्हीवर तेच झळकलं आणि असंख्य बायकांनी गोळ्या सोडल्या. खरे आकडे काय होते? जुन्या गोळ्या घेणाऱ्या 7000 बायकांत साधारण एकीला गुठळी व्हायची, नव्या गोळ्यांनी 7000 मध्ये दोघींना. म्हणजे 7000 मागे एक जास्त. पण गोळ्या सोडल्याने नको असलेली गर्भारपणं वाढली आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे 13,000 गर्भपात जास्त झाले. आणि गर्भारपणात गुठळीचा धोका या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो! दुप्पट हा आकडा खोटा नव्हता, त्याच्या शेजारचा 7000 कोणी सांगितला नाही.

तरी काही जणींसाठी हा धोका खरंच मोठा असतो. पस्तिशीनंतर सिगरेट ओढणाऱ्या, आधी गुठळी झालेल्या, घरात कोणाला कमी वयात झालेली असेल अशा, किंवा डोकेदुखीच्या आधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसतात तसली मायग्रेन असलेल्या. यातलं काही असेल तर फोनवर तेच पहिलं सांगा. आणि एका पायाला सूज येऊन दुखलं किंवा अचानक धाप लागली तर मात्र थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : बाबा रोज पाच-सहा आरोग्याचे मेसेज टाकतात. चुकीचं आहे म्हटलं की दुखावतात, ग्रुप सोडतो म्हणतात. काय करू?

उत्तर : ग्रुपवर सगळ्यांसमोर खोडून काढू नका, फोन करा. बाबा हे पाठवतात कारण त्यांना तुमची काळजी आहे, पहिलं वाक्य त्याबद्दलच असू दे. मग त्यांना मेसेजच्या वर दोन बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण दाखवा, निदान पाच हातांतून फिरत आलेल्या मेसेजवर व्हॉट्सअ‍ॅप ती लावतं, म्हणजे ज्याने तो मुळात लिहिला त्याला विचारायची सोय राहिलेली नसते. निरुपद्रवी मेसेज सोडून द्या, सगळ्यांवर भांडत बसलात तर महत्त्वाच्या वेळी तुमचं ऐकणार नाहीत. गोळी बंद करा, तपासणी नको, हॉस्पिटलला नेऊ नका असं सांगणारा मेसेज आला की तेव्हाच बोला.

आणि त्यांना एक काम द्या. घरातल्या प्रत्येकाच्या चालू गोळ्या, अ‍ॅलर्जी, रक्तगट, डॉक्टरांचा आणि अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर, हे सगळं एका मेसेजमध्ये टाइप करून ग्रुपच्या वरती पिन करायला सांगा, आणि कोणाची गोळी बदलली की बाबांनीच ते अपडेट करायचं.