रुग्णाजवळ जायचंय, पण किती जवळ?

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल परवा रात्री वाचला आणि काल जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वाचला. बायोमेडिकल सायन्सची तीन वर्षं संपत आली, गुण चांगले पडताहेत, आणि आता तू विचारतेस, "मावशी, मला लॅबमध्ये नाही बसायचं, पेशंटबरोबर काम करायचंय. कुठलं मास्टर्स करू?" खाली नऊ कोर्सेसची यादी. फिजिशियन असोसिएट, म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली रुग्ण पाहणारा सहकारी, सगळ्यात वर, बाकीचे कसेही.

यादीकडे येतेच. आधी एक जुनी गोष्ट.

तुला माहीत आहे, मी इथे इंग्लंडमध्ये पहिली सहा वर्षं एका हॉस्पिटलच्या रक्ताच्या लॅबमध्ये काढली. रक्त गोठण्याच्या तपासणीची निळ्या बुचाची बाटली असते, तिच्यात सायट्रेट आधीच घातलेलं असतं. रक्त रेघेपर्यंत भरावंच लागतं, नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट. कमी भरली तर निकाल चुकतो, म्हणून नमुना परत. एका सकाळी एकाच वॉर्डमधून एकाच बाईंची अर्धवट भरलेली बाटली आली. मी नाकारली. तासाभराने दुसरी आली, तीही नाकारली. मग तिसरी. चौथ्या वेळी फोन न करता मी स्वतःच वर गेले, तिथल्या कुणाला तरी रेघ कुठे असते ते दाखवावं म्हणून. बाई ऐंशीच्या पुढच्या. दोन्ही हात कोपरापर्यंत काळेनिळे झालेले, जागोजागी कापसाचे बोळे चिकटवलेले. माझ्याकडे पाहून त्यांनी न बोलता बाही वर केली. त्यांना वाटलं, मीही टोचायलाच आले आहे.

त्या तीन बाटल्या मी आजही नाकारीन. नियम बरोबर होता. पण माझ्या स्क्रीनवर 'अपुरा नमुना' एवढंच होतं आणि त्या दोन शब्दांच्या पलीकडे तो हात होता. मी खाली जाऊन लहान मुलांसाठी वापरतात ती छोटी बाटली आणून दिली, एका अनुभवी नर्सने एकाच टोचणीत ती रेघेपर्यंत भरली आणि वीस मिनिटांत रिपोर्ट गेला. छोटी बाटली चालते हे मला लॅबमुळे माहीत होतं, म्हणून तुझी तीन वर्षं वाया गेली असं कधी म्हणू नकोस. पण त्या दिवसानंतर मला खाली बसवेना, हेही खरं.

आता यादी. तू लिहिलं नाहीस, पण मला दिसतंय म्हणून बोलते. 'नीट' परीक्षेत थोडक्यात हुकलं, एमबीबीएस राहिलं, बाबांनी कर्ज काढून तुला इथे पाठवलं. आता डॉक्टरच्या जास्तीत जास्त जवळ जाणारं जे दिसेल ते तुला सगळ्यात वर ठेवावंसं वाटतंय. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, माझ्याही मनात ते होतं. फक्त त्या दुःखाला कोर्स निवडायला बसवू नकोस. डॉक्टर व्हायची ओढ अजून तितकीच असेल तर ती सरळ मान्य कर आणि ग्रॅज्युएट एंट्री मेडिसिनची, म्हणजे पदवीनंतर डॉक्टर होण्याच्या चार वर्षांच्या कोर्सची चौकशी कर. बाहेरच्या देशातल्यांना जागा थोड्या आणि फी फार, तरी चौकशी कर. दुसऱ्या कुठल्या कामाला 'जवळजवळ डॉक्टर' समजून गेलीस, तर रोज सकाळी वॉर्डच्या राउंडमध्ये ती जखम उघडी पडेल.

फिजिशियन असोसिएटचा कोर्स दोन वर्षांचा, तुझ्या पदवीवर थेट प्रवेश मिळतो, म्हणून तुझ्या वर्गातले बरेच जण तिकडे बघत असतील. पण गेल्या काही काळात काय झालं ते वाच. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलने फिजिशियन असोसिएट्सचीही नोंदणी सुरू केली. जुलै २०२५ मध्ये या कामाबद्दल सरकारने मागवलेला प्रोफेसर जिलियन लेंग यांचा अहवाल आला. त्यात शिफारस होती की नाव बदलून फिजिशियन असिस्टंट करावं, आणि निदान न झालेल्या रुग्णांना या लोकांनी पाहू नये, ठरवून दिलेल्या चौकटीतले रुग्ण तेवढे सोडून. या सगळ्या वादात नव्या लोकांची भरती आखडली. माझ्या ओळखीतली ही कामं करणारी मुलं हुशार आहेत, मनापासून राबतात, त्यांच्याबद्दल वाईट बोललेलं मला सहन होत नाही. पण कर्ज डोक्यावर असलेल्या तुला मी आज त्या दारातून जा म्हणणार नाही.

उरलेल्या आठांकडे बघताना कोर्सचं नाव बाजूला ठेव. 'पेशंटबरोबर काम' हे एक काम नाहीच. स्वतःला विचार, एका माणसापाशी मला किती वेळ हवाय, तोच माणूस किती वेळा भेटायला हवाय, आणि माझं हत्यार काय, हात, यंत्र की बोलणं?

एक्स-रे, स्कॅन काढणारी डायग्नोस्टिक रेडिओग्राफर दिवसभरात कितीतरी माणसं बघते, पण प्रत्येकाला पाच-दहा मिनिटं. तेवढ्यात मोडलेला खांदा न दुखवता हवा तसा वळवून घ्यायचा, भेदरलेल्या पोराला स्थिर बसवायचं. पुन्हा तो माणूस दिसेलच असं नाही. काही जणांना हेच आवडतं, संध्याकाळी कुणाचं ओझं घरी येत नाही. फिजिओथेरपीत हात लागतो, घाम लागतो, आणि जागांसाठी चुरस फार. जेनेटिक काउन्सेलर तासभर अशा माणसाशी बोलते जो अजून आजारीच नाही, पण आईला आणि मावशीला स्तनाचा कर्करोग झालेला आहे आणि आपली तपासणी करावी की नाही हे त्याला ठरवायचंय. तुझं जनुकशास्त्र चांगलं आहे, तुला हे ओढेल, पण जागा फार थोड्या असतात हे लक्षात ठेव.

डाएटिशियनला तू यादीत आठवी ठेवलीस. मी असते तर वर आणली असती. आपल्याकडे या शब्दाने वजन कमी करून देणाऱ्या बाई डोळ्यांपुढे येतात. इथल्या हॉस्पिटलात डाएटिशियन आयसीयूत नळीने अन्न किती आणि कुठल्या वेगाने सोडायचं ते ठरवते, डायलिसिसच्या रुग्णाचं पोटॅशियम बघून ताटातलं काय कमी करायचं ते बोलते. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम पोटभर खायला घातलं तर रक्तातलं फॉस्फेट कोसळतं आणि जीव जाऊ शकतो, हे तू बायोकेमिस्ट्रीत शिकलीस. डाएटिशियन ते रोज टाळते. आणि तोच रुग्ण तिला महिनोन् महिने भेटतो. बटाटा आवडतो, तो सोडवत नाही, बायको रागावते, हे सगळं तिच्याजवळ बोलतो.

माझं काम तुला ठाऊक आहे, स्पीच थेरपी. लोकांना वाटतं, बोबड्या मुलांना 'र' म्हणायला शिकवणं. तेही आहेच. पण माझा निम्मा दिवस गिळण्यात जातो. पक्षाघात झालेल्या माणसाच्या गळ्यावर मी दोन बोटं ठेवते, चमचाभर पाणी देते आणि कंठ वर उचलला जातो का ते बोटांनी बघते. मग त्याला 'आ' म्हणायला सांगते. आवाज ओला आला, गुळण्या केल्यासारखा, तर पाणी वाट चुकलंय. काहींचं पाणी फुप्फुसात जातं आणि साधा ठसकाही लागत नाही, त्यांना एक्स-रेखाली बेरियम गिळायला लावून बघावं लागतं. मग ठरतं, चहा घट्ट करून द्यायचा का आणि किती घट्ट. त्याची पातळी ठरवायला दहा मिलिलिटरची साधी सिरिंज पुरते. पेय भरायचं, दहा सेकंद वाहू द्यायचं, उरलेलं मोजायचं. चार ते आठ मिलिलिटर उरलं तर पातळी दोन, म्हणजे जरासं घट्ट. पिपेट घेऊन सहा वर्षं काढलेल्या मला पहिल्यांदा ही चाचणी करताना माहेरी आल्यासारखं वाटलं होतं.

आणि एक आजी. दोन वर्षांपूर्वी वॉर्डमधून निरोप आला, "रुग्णाला भ्रम झालाय, काहीही बोलते." मी जवळ जाऊन मराठीत विचारलं, "आजी, हे काय आहे?" हातात चमचा धरला होता. त्या म्हणाल्या, "वाटी." मग स्वतःवरच चिडून मान हलवली, "वाटी नाही गं... ते... ढवळायचं." आणि बोटाने हवेत ढवळून दाखवलं. भ्रम झालेला माणूस सहसा असा स्वतःची चूक पकडत नाही. त्यांना समजत सगळं होतं, फक्त शब्दाची वाट तुटली होती, त्याला अफेजिया म्हणतात. मी ते कागदावर लिहिलं आणि त्या दिवसापासून वॉर्ड त्यांच्याशी वेगळं वागू लागला. पुढचे चार महिने मी त्यांच्याकडे जात होते. 'चमचा' परत यायला तीन आठवडे लागले. काही शब्द आलेच नाहीत, हेही सांगायला हवं. ज्याला रोज सुधारणा दिसायला हवी असते त्याचं मन या कामात मोडतं.

या कोर्सला एक व्यावहारिक अट आहे. यातल्या बहुतेक व्यवसायांची नोंदणी करणारी जी एचसीपीसी (हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल) आहे, ती इंग्रजीची परीक्षा द्यावी लागणाऱ्यांकडून बहुतेक व्यवसायांसाठी आयईएलटीएसला ७ मागते, स्पीच थेरपीसाठी ८, आणि एकाही भागात ७.५ च्या खाली चालत नाही. तुला जमेल, पण तयारी लागेल. आणि अर्ज कुठलाही भर, आधी तो कोर्स एचसीपीसीच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते बघ, नर्सिंगचा असेल तर एनएमसीच्या, म्हणजे इथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या. 'हेल्थ सायन्सेस'सारखी गोड नावं असलेली बरीच मास्टर्स आहेत जी करून नोंदणी मिळत नाही आणि यातल्या कुठल्याही व्यवसायात रुग्णावर उपचार करता येत नाहीत. एजंट हे सांगत नाहीत. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचं वर्ष आणि वडिलांचे पैसे असेच गेले, मला ते अजून लागून राहिलंय.

पैशाचं स्पष्ट बोलू. इंग्लंडमध्ये फिजिओ, स्पीच थेरपी, नर्सिंग अशा कोर्सेसना पात्र विद्यार्थ्यांना वर्षाला ५,००० पौंड मिळतात, परत न करायचे. मैत्रिणी ते मोजूनच अर्ज करतील. तू स्टुडंट व्हिसावर आहेस, तुला ते मिळणार नाहीत, आणि फीही परदेशी विद्यार्थ्याची. टर्ममध्ये आठवड्याला वीस तास काम करता येतं, पण या कोर्सेसमध्ये प्लेसमेंट असते, म्हणजे शिकता शिकता रुग्णांबरोबर प्रत्यक्ष काम, पूर्ण वेळ, बिनपगारी. फिजिओला सुमारे १,००० तास, दोन वर्षांच्या नर्सिंगला त्याहून कितीतरी जास्त. त्या आठवड्यांत वीस तासांची नोकरी अंगावर येते. बाबांशी बोलताना हे लपवू नकोस.

शिक्षण संपल्यावर इथे राहून काम करू देणारा ग्रॅज्युएट व्हिसा एकदाच मिळतो. आता पदवीवर घेतलास तर मास्टर्सनंतर तो नसेल, नंतर नोकरी देणाऱ्याच्या स्पॉन्सरशिपवरच राहावं लागेल. तरीही माझं मत असं की अजून मन ठरलं नसेल तर तो आत्ता वापर, हेल्थकेअर असिस्टंट किंवा थेरपी असिस्टंट म्हणून वर्षभर काम कर. चुकीच्या कोर्सची दोन वर्षांची फी त्याहून महाग पडते. घरी परत जायचं मनात असेल तर तेही आत्ताच बोल. भारतात स्पीच थेरपी करायला रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी लागते, ती इथल्या पदवीवर कशी मिळते हे फी भरण्याआधी त्यांना लेखी विचार.

असिस्टंटचं काम म्हणजे अंग पुसणं, चादरी बदलणं, बेडपॅन. आई ऐकून हळहळेल, तिच्याशी मी बोलते. पहिले दोन आठवडे तुलाही कसंसं होईल. प्रत्येक शिफ्टनंतर बसमध्ये एका वहीत तीन ओळी लिही, आज कोण आठवतंय आणि का. महिन्याभराने वही उघडलीस की कळेल, तुला पहिल्यांदा चालू लागलेले आठवतात, की न जेवणारे, की ज्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं ते. अर्जातलं निवेदन त्या वहीतून लिही. "मला लोकांना मदत करायला आवडतं" हे वाक्य काढून टाक. मी मुलाखती घ्यायला बसते, ते वाक्य प्रत्येक अर्जात असतं आणि त्यातून माणूस दिसत नाही.

नऊचे तीन करून मला पाठव, त्यात डाएटिशियन ठेवलंस तर मला आनंद होईल. आणि शनिवारी दुपारी घरी ये. माझ्याकडे प्लेसमेंटला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी पातळी दोनचा चहा प्यायला लावते, आलं घातलेला, नेहमीसारखा, फक्त घट्ट केलेला. अर्धा कप तरी संपव. मग वॉर्डमधले आजोबा तो कप का सरकवून देतात आणि त्यांच्यापाशी बसून काय बोलायचं, ते बोलू.

तुझी,
मावशी